पहिला प्रोग्रॅमिंग कोर्स निवडताय?
एका वेळी तीन कोर्सना नाव घालू नका. एकच धरा आणि तडीस न्या. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून शिकता येतं, तेही फुकट. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा कोर्सही फुकट आहे, पण तो स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या सोप्या भाषेनंतर लगेच सी भाषेत उतरतो आणि नवख्यांची तिथे दमछाक होते. थेट पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषाच हवी असेल तर हेलसिंकी विद्यापीठाचा कोर्स मला सर्वांत उजवा वाटतो, कारण तिथे भर स्वाध्यायांवर आहे आणि ते लगेच तपासून मिळतात.

व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं. तो बंद करा आणि तोच प्रोग्रॅम न बघता लिहा. वय विचारून त्यात १ मिळवायचा, एवढंच करून बघा. पायथन एरर देईल, कारण वय म्हणून तुम्ही टाइप केलेलं २० तिच्या लेखी संख्या नसून मजकूर असतो. अशा वेळी एररची शेवटची ओळ आधी वाचा, बहुतेकदा कारण तिथेच सापडतं. लगेच उत्तर बघू नका, थोडं झगडा. स्वतः सोडवलेलं पक्कं बसतं.

सर्टिफिकेटवर आत्ताच पैसे घालू नका. आणि कुणाला विचाराल तेव्हा स्क्रीनचा फोटो नको, एररसकट पूर्ण कोड पाठवा.