स्टार मिळेल, पण नोकरी कोण देणार?

डिचोलीहून एका आईने लिहिले आहे. मुलगी बारावी सायन्सला. हवाई कसरतींचे व्हिडिओ बघून तिने ठरवले आहे की अमेरिकेतल्या इंटरनॅशनल एरोबॅटिक क्लबचे 'स्टार' मिळवायचे आणि त्यावरच करिअर करायचे. वडिलांच्या मते हा श्रीमंतांचा खेळ. आईचा प्रश्न, तिला अडवू की जाऊ देऊ?

ताई, अडवू नका, पण रस्ता बदला.

तो मान खरा आहे. प्रायमरीपासून अनलिमिटेडपर्यंत पाच पायऱ्या असतात. स्पर्धेत आपल्या पायरीच्या प्रत्येक आकृतीला, म्हणजे हवेत काढलेल्या प्रत्येक कसरतीला, १० पैकी किमान ५ गुण पडले की स्टार. पहिला नंबर यायलाच हवा असे नाही. ऐकायला सोपे वाटते. परीक्षक खालून बघत असतात आणि दर ५ अंशांच्या चुकीला एक गुण कापतात. साधा लूप घ्या, म्हणजे हवेत काढलेला उभा गोल. वर चढताना विमानाचा वेग पडतो, खाली येताना वाढतो, त्यात वारा ढकलतो. स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, सगळीकडे सारखीच ओढली तर गोल अंड्यासारखा दिसतो. माथ्यावर ओढ सैल सोडावी लागते. एका आकृतीला नऊ आणि दुसरीला चार पडले, तर स्टार हुकला. मला हा हिशेब आवडतो, त्यात नशिबाला फारशी जागा नाही.

पण स्टार बघून कुठलीही एअरलाइन नोकरी देत नाही. कमर्शियल लायसन्सचे २०० तास स्वखर्चाने उडवावे लागतात आणि त्यात कसरती शिकवत नाहीत. इथे वडिलांचे बरोबर आहे.

वायुदलात मात्र प्रत्येक वैमानिक कसरती शिकतो, तेही सरकारी खर्चाने. वायुदलाच्या 'सूर्यकिरण' या कसरती पथकाचे वैमानिक तिथूनच निवडले जातात. आपल्या दाबोळीला नौदलाचे 'सागर पवन' हे असेच पथक होते. २०१० मध्ये हैदराबादच्या प्रदर्शनात विमान कोसळून त्यांचे दोन वैमानिक मृत्युमुखी पडले. हेही तिला सांगा, लपवू नका.

बारावीनंतर वायुदलात जायची वाट एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून जाते, आणि तिथे २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. फ्लाइंगसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही लागतात. बायोलॉजीसाठी मॅथ्स सोडले असेल तर हे दार बंद. पुढे वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी असते, ती जन्मात एकदाच देता येते.

उंची किमान १६२.५ सेंमी लागते, घरीच मोजून बघा. आणि फॉर्म भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नंबर आणि रंगदृष्टी तपासून घ्या.