कादंबरी तुम्हाला लिहायची आहे, मुलीला नाही

प्रश्न : मी ५६ वर्षांचा आहे. पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या एका केंद्रीय संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीला ९४ टक्के होते. आयसरसारख्या विज्ञान संस्थेत जाण्याइतकी हुशार आहे, पण बीए करायचं म्हणते. मलाही बारावीनंतर मराठी घ्यायचं होतं. वडील म्हणाले, आधी विज्ञान, स्थैर्य, मग हवं ते लिही. ते बरोबरच होते. आता निवृत्तीनंतर मी कादंबरी लिहिणार आहे, तेव्हाची वही अजून कपाटात आहे. मुलीलाही हेच सांगतो, की पीएचडी कर, नोकरीत स्थिर हो, लेखन पन्नाशीनंतरही होतं. नारळीकर सरांचं उदाहरण डोळ्यासमोर आहेच. तिला कसं पटवू? घरचं वातावरण कळावं म्हणून कादंबरीची पहिली दोन पानं जोडली आहेत.

उत्तर :

नमस्कार. तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर त्याचा सारांश दिलाय. त्या चार पानांत मुलीच्या तोंडचं वाक्य एकच आहे : 'बाबा, मला बोलीभाषांचा अभ्यास करायचाय.' तिला कथा-कादंबऱ्या लिहायच्या आहेत असं ती कुठेच म्हणालेली नाही. बीए शब्द ऐकला आणि तुम्हाला तुमची वही आठवली, असं मला पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं. तिला लेखिका तुम्ही केलंत, आणि मग लेखिका होण्यापासून तिला थांबवायलाही तुम्हीच निघालात.

मला काळजी वाटली ती इथे. मुलगी सतरा वर्षांची आहे आणि तिची पन्नाशी तुम्ही आखून ठेवली आहे. गुणांची मला अजिबात चिंता नाही. तुमचे वडील बरोबर होते असं तुम्ही लिहिता आणि त्याच परिच्छेदात सांगता की ती वही एकदाही रद्दीत टाकवली नाही. वडिलांचा सल्ला पूर्ण पटला असता, तर चाळीस वर्षं कुणी वही जपत नाही. त्यांच्या काळी, त्यांच्या पगारात त्यांनी सांगितलं ते प्रेमापोटीच असणार. पण ते तुमच्या आत कुठेतरी सलत राहिलंय. तेच आता तुम्ही जशाच्या तसं मुलीच्या हातात देताय, आणि वर तिला ते पटावं अशीही अपेक्षा आहे. तिला कसं पटवायचं हे मी सांगणार नाही. पटवू नका.

नारळीकरांबद्दलचा गैरसमज मात्र दूर करायला हवा, कारण मुलांना विज्ञानाकडे वळवू पाहणारे पुण्यातले पालक हे उदाहरण हमखास देतात. आधी आयुष्यभर विज्ञान केलं आणि मग निवांतपणे लेखन केलं, असं त्यांच्या बाबतीत झालेलं नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती, नावाच्या वजनाने बक्षीस मिळू नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ऐन भरात काम करत होते. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यांनी उभी केली ती त्यानंतर, १९८८ मध्ये. म्हणजे संशोधन, संस्था उभारणं आणि कथा-कादंबऱ्या हे सगळं एकाच आयुष्यात शेजारी शेजारी चाललं. कादंबरीकार श्याम मनोहरही भौतिकशास्त्र शिकवता शिकवताच लिहीत होते. या दोघांकडून काही घ्यायचं असेल, तर निवृत्तीची वाट बघू नये एवढंच घेता येईल. तुम्ही नेमकी वाट बघताय.

त्यामुळे करिअर मार्गदर्शन करायचंच तर मी आज तुमचं करते.

नोकरीत असताना कादंबरी लिहिली तर परवानगीच्या भानगडी होतील, असं तुम्ही तिसऱ्या पानावर म्हणता. केंद्र सरकारचे १९६४चे आचरण नियम उघडून बघा. साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाचं अधूनमधून केलेलं काम पूर्वपरवानगीशिवाय करता येतं, कार्यालयीन कामाला बाधा आली नाही म्हणजे झालं. कार्यालयातली गोपनीय माहिती आणि सरकारी धोरणावर जाहीर टीका ही कुंपणं आहेत, ती पाळावी लागतात. शंका असेल तर आस्थापना विभागात विचारून घ्या. पण निवृत्तीपर्यंत चार वर्षं थांबायला हे कारण होऊ शकत नाही.

निवृत्तीनंतर वेळ मिळेल हेही मी गृहीत धरणार नाही. निवृत्त माणसाच्या वेळेवर घरातल्या सगळ्यांचा आणि सोसायटीचाही डोळा असतो. ज्याला आज ऑफिसातून आल्यावर एक तास राखता येत नाही, त्याला साठीनंतर सगळा दिवसही राखता येत नाही. सल्ला घ्यायला आलेल्या निवृत्त मंडळींत मी हे फार पाहिलंय.

आता ती दोन पानं. तुम्ही ती घरचं वातावरण कळावं म्हणून पाठवलीत, मी मात्र ती कादंबरीची म्हणूनच वाचली. प्रयोगशाळेतला वयस्क मदतनीस फ्लास्क धुतो, पाणी निथळू देतो आणि खिडकीसमोर धरून बघतो. काचेवर पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर भांडं स्वच्छ, थेंब चिकटून बसले तर कुठेतरी तेलकटपणा उरलाय. उद्या त्याचा नोकरीतला शेवटचा दिवस आहे, आणि तो एकच फ्लास्क तिसऱ्यांदा धुतोय. मी तिथे थांबले. हा माणूस घरी का जात नाहीये, हे मला कळायला हवं होतं. आणि नेमकं तिथे तुम्ही क्रोमिक ॲसिडने काच कशी साफ होते, ते किती घातक आहे, आता ते का टाळतात, हे सव्वा पान समजावलंत! माहिती अचूक आहे, पण माणूस हातचा गेला.

विज्ञानातून येणाऱ्या लेखकाची खरी अडचण मला ही दिसते. शोधनिबंधात काम कुणी केलं याला महत्त्व नसतं. 'द्रावण ढवळण्यात आलं' एवढं पुरतं, आणि दुसऱ्या कुणी ढवळलं तरी तोच निकाल यावा लागतो. कादंबरीत दुसऱ्या कुणी ढवळलं तर सगळंच बदलतं. शिवाय तुम्हाला प्रत्येक विधानाला पुरावा जोडायची सवय आहे, म्हणून वाचकावर काही सोडायला हात धजावत नाही. ही सवय मोडायला वेळ लागतो, दोन-तीन मसुदे वाया जातात. म्हणूनही आत्ता बसा. निरीक्षण तुमच्याकडे आहे, फसलेला प्रयोग पुन्हा मांडायची चिकाटीही आहे. ती पुष्कळ लेखकांना मुद्दाम कमवावी लागते. सव्वा पान काढा, मदतनीस ठेवा.

पैशांचं थोडक्यात. मराठी कादंबरीची आवृत्ती साधारण हजार प्रतींची, हल्ली पाचशेचीही निघते. चारशे रुपये किंमत आणि दहा टक्के मानधन धरलं, तर हजार प्रती संपल्यावर हातात चाळीस हजार येतील, तेही सावकाश. तुम्हाला पेन्शन आहे, तेव्हा याने काही अडत नाही. तुमच्याकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढू म्हणणारे भेटतील, त्यांना वहीसुद्धा दाखवू नका.

राहिली मुलगी. आयसरला जायचं असेल तर आयएटी ही तिथली प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बीएला सायन्सची बारावी चालते. दोन्ही वाटा आज उघड्या आहेत. मात्र ती जे म्हणाली तो अभ्यास काय असतो, हे तुम्ही पाहिलेलं दिसत नाही. येरवड्याला डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचं एमए करता येतं. त्याच संस्थेने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं. गावोगावी जाऊन माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, कुठे कोणतं रूप वापरतात ते तपासलं, नकाशांवर मांडलं. नमुने गोळा करणं, नोंदी, तुलना, अपवादांचा शोध हे सगळं त्यात आहे. तुम्ही तीस वर्षं जे करताय त्यापासून हे फार लांबचं नाही. ती तुमच्या वहीपेक्षा तुमच्या प्रयोगशाळेच्या जवळ उभी आहे, आणि तुम्हाला ते दिसलेलं नाही याचं मला वाईट वाटतं.

त्या सर्वेक्षणाची ध्वनिमुद्रणं संकेतस्थळावर ऐकता येतात. या रविवारी तिच्याबरोबर बसून त्यातली दोन-चार ऐका. तिला कोणती बोली आवडते, त्यात तिला काय शोधायचंय, ते विचारा आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका. आयएटीचा फॉर्म भरायचा की नाही हे त्यानंतर तिने ठरवावं. मला काही विचारायचं असेल तर पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं.