लिस्बनहून पोर्तुगालमधल्याच एव्होरा या जुन्या गावाला एका दिवसात जाऊन यावं का? आणि हाडांचं चॅपल आठ वर्षांच्या मुलीला दाखवण्यासारखं आहे का?

जाऊन याच. जमलं तर एक रात्र राहा, कारण एका दिवसाच्या सहलींच्या बसगाड्या पाच-साडेपाचला परतल्या की गाव एकदम मोकळं होतं.

मी ट्रेनने गेलो होतो. साधारण दीड तास लागतो, पण गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा. स्टेशन गावाच्या तटाबाहेर आहे, तिथून चालतच निघा. वाटेत सेंट ब्लेझचं पंधराव्या शतकातलं चॅपल लागेल. प्लेगच्या साथीत जिथे रोग्यांना ठेवत, त्या जागी ते बांधलंय. गोल बुरूज, वर चर्या, सगळं पांढरंशुभ्र: एखाद्या गढीचं लहान पिल्लू वाटतं. लोक न बघताच पुढे जातात. मीही जाताना तसाच गेलो, कारण चाकाची बॅग दगडी फरसबंदीवरून खडखडत ओढताना दुसरीकडे लक्षच नव्हतं. तुम्ही पाठीवरची सॅक न्या.

आता हाडांचं चॅपल. ते सेंट फ्रान्सिस चर्चला लागून आहे. गावातली दफनभूमी भरून गेली, तेव्हा फ्रान्सिस्कन साधूंनी जुनी हाडं उकरून भिंतींत आणि खांबांत चुन्यात बसवली. साधारण पाच हजार माणसांची हाडं आहेत म्हणतात. दारावर पोर्तुगीजमध्ये कोरलंय, ‘आम्ही इथली हाडं, तुमच्या हाडांची वाट पाहतोय.’ आत पहिली दोन मिनिटं छातीत धस्स होतं, मग नजर कारागिरीवर जाते: नळीच्या हाडांची टोकं बाहेर काढून रचलेल्या रांगा, मधूनमधून कवट्या. मुलगी घाबरेल असं मला वाटत नाही. माझ्या पुढे एक मुलगा कवट्या मोजत होता आणि आईच कडेला उभी होती. मात्र काचेत ठेवलेली दोन सुकलेली शवं आहेत, त्यातलं एक लहान मुलाचं. तेवढं तिला आधी सांगा, नाहीतर चुकवा. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर येशूजन्माच्या देखाव्यांचा संग्रह आहे, तिथे तिला नक्की रमवता येईल.

पण फक्त हाडांसाठी एव्होराला जाऊ नका. माझा जीव रमला तो रोमन देवळापाशी. पहिल्या शतकातलं आहे. ‘डायनाचं देऊळ’ हे नाव मागाहून चिकटलेलं, मुळात ते बहुधा सम्राटाच्या पूजेसाठी होतं. ग्रॅनाइटचे चौदा खांब अजून उभे आहेत, वरची नक्षी संगमरवरात. ते टिकलं कसं, तर मध्ययुगात खांबांमधल्या जागा भिंतींनी बुजवल्या आणि आत खाटीकखाना थाटला! तो 1836 पर्यंत चालला. भिंती पाडून खांब मोकळे केले ते 1871 च्या सुमारास. संध्याकाळी समोरच्या बागेत बसा, ग्रॅनाइटचा रंग बदलताना दिसतो.

तिथून दोन मिनिटांवर कॅथेड्रल. आत गरोदर मेरीची मूर्ती आहे, पोटावर हात ठेवलेली, आणि समोर गॅब्रिएल देवदूत. अशी मेरी मी आपल्या वसईत किंवा गोव्यात कुठे पाहिली नव्हती. गच्चीवरही चढा. वास्को द गामाच्या जहाजांची निशाणं 1497 मध्ये याच कॅथेड्रलमध्ये आशीर्वादासाठी आणली होती असं सांगतात. गोव्याचा आणखी एक धागा आहे, तो जरा बोचरा. इथल्या विद्यापीठाचा संस्थापक (1559) कार्डिनल हेन्रिक, आणि 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन (धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) सुरू झालं तेव्हा पोर्तुगालचा मुख्य इन्क्विझिटरही तोच. विद्यापीठातल्या वर्गांच्या भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशा बघताना हे डोक्यातून जात नाही.

वेळ उरला तर सोळाव्या शतकातल्या जलवाहिनीकडे चक्कर मारा. तिच्या कमानींत लोकांनी चक्क घरं बांधलीत. गाडी असेल तर साव ब्रिसोस गावाजवळचं चॅपल चुकवू नका. अश्मयुगीन थडग्याच्या प्रचंड शिळांनाच चुना फासून त्याचं चॅपल केलंय.

जेवायला ‘असोर्दा’ मागवा: लसूण, ढीगभर कोथिंबीर, ऑलिव्ह तेल, गरम पाणी, त्यात शिळा पाव आणि वर अंडं. ‘पाव’ हा शब्द आपल्याकडे आला तो याच लोकांकडून. शाकाहारी असाल तर अंड्याशिवाय मागा, आणि त्यात मासा नाही ना तेही विचारून घ्या.

जुलै-ऑगस्ट टाळा. दुपारी पारा कधीकधी चाळिशीपार जातो आणि फरसबंदी तव्यासारखी तापते.