शंका-समाधान : श्लोकात दडलेला शक

प्रश्न : आमच्या गावच्या देवळाच्या चौकटीवरील श्लोकात ‘शाके रसांकशरेंदुमिते आनंदसंवत्सरे’ असं कोरलंय. रस, बाण, चंद्र पाहून काही जण याला शृंगाराचं वर्णन म्हणतात. साध्या मराठीत अर्थ काय?

उत्तर : शृंगार नव्हे, हे साल आहे. आकडे वृत्तात बसवायला अवघड, म्हणून कवी त्यांच्या जागी ठरावीक शब्द घालत. ‘मिते’ म्हणजे ‘इतक्या’. त्याआधीचे शब्द अंकांचे. आधी संधी सोडवा : रस, अंक, शर, इंदु. चवी सहा, म्हणून रस ६ (काव्यातले नऊ रस इथे सहसा धरत नाहीत). अंक ९, मदनाचे बाण पाच म्हणून शर ५, चंद्र एकच म्हणून इंदु १. या पद्धतीत एकं आधी येतं, तेव्हा उलटं वाचा : शके १५९६. शिवराज्याभिषेकाचंच वर्ष!

पडताळा संवत्सराने घ्यावा, म्हणजे प्रभव ते क्षय या साठ वर्षनावांच्या फिरत्या चक्राने. शकात १२ मिळवून ६० ने भागा. बाकी म्हणजे प्रभवापासूनचा क्रमांक (शून्य उरल्यास साठावा, क्षय). १६०८ ला भागून ४८ उरतात, आणि अठ्ठेचाळिसावा आनंदच. ही रीत आपल्याकडच्या शकगणनेची. उत्तरेकडच्या संवत्सरांना ती लागू नाही.

प्रश्न : अक्षरं झिजली असतील तर?

उत्तर : खरी फसगत तिथेच होते. नग (पर्वत) ७, पण नाग ८. एका कान्याचा फरक. इंदु १, इंद्र १४. भू १, भूत ५, भूप १६. तुमच्याच ओळीत ‘अंक’ऐवजी ‘अंग’ वाचलं तर ९ चे ६ होऊन शके १५६६ येतो. पण त्याचा संवत्सर तारण, म्हणजे तो वाद मिटला. समुद्र मात्र त्रासदायक. बहुधा ४, कधी ७. दशकात आला तर फरक तीस वर्षांचा, संवत्सर लगेच चूक दाखवतो. शतकात आला तर फरक तीनशेचा, म्हणजे साठाची नेमकी पाच आवर्तनं, आणि संवत्सर तोच निघतो! अशा वेळी लेखात राजाचं नाव आहे का पाहा, अक्षरांचं वळण तपासा.

दगडावर खडू, तेल, शेंदूर चोळू नका. अंधार पडल्यावर विजेरी एका बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा आणि फोटो घ्या; मग प्रकाशाची बाजू बदलून पुन्हा घ्या. उथळ कान्या-मात्रा सावलीने उठून दिसतात.

प्रश्न : शकाचं इसवी सन करताना ७८ मिळवायचे की ७९?

उत्तर : चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९. पौष बहुधा दोन्हींकडे पसरतो, तिथे तिथी बघावी लागते. लेखात महिनाच नसेल तर एकच सन ठोकून देऊ नये, फलकावर ‘शके १५९६ (इ. स. १६७४-७५)’ असं लिहावं.