सोन्याची केबल आणि अडखळणारा माऊस

प्रश्न : अंबडच्या एका टूलरूमसाठी मी घरून डायची ड्रॉइंग करते. लॅपटॉप २०१७ चा आहे. दिवाळीत २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला आणि घरात पडलेली एचडीएमआय केबल लावली. अक्षरं, रेषा छान दिसतात, पण माऊस अडखळतो आणि ड्रॉइंग सरकवलं की मागून फरफटत येतं. एम. जी. रोडवरच्या एका दुकानदाराने सोन्याचा मुलामा दिलेली २,२०० रुपयांची केबल सुचवली आहे. घेऊ का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : नका घेऊ. सोनंच हवं असेल तर सराफ बाजारात जा, तिथलं अडीनडीला मोडता तरी येतं. मुलाम्यामुळे पिना गंजत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. डिजिटल चित्र त्याने उजळत नाही की वेगात चालत नाही.

आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि रिफ्रेश रेट बघा. माझा अंदाज, तिथे ३० हर्ट्झ असेल. म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलतंय. सिनेमा बघताना ते खटकत नाही, माऊस हातात असला की लगेच कळतं. यादीत ६० दिसत असेल तर निवडा आणि पुढचं वाचू नका.

६० नसेलच, तर संशय लॅपटॉपच्या पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या खाचेवर. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके. फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. २००९ साली आलेलं एचडीएमआय १.४ हे ओझं सेकंदाला ३० वेळाच नेऊ शकतं. ६० वेळा नेणारं २.० हे २०१३ मध्ये आलं, पण लॅपटॉपवाले त्यानंतरही कितीतरी वर्षं जुनंच पोर्ट बसवत राहिले. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून मॉडेल नंबर घालून कंपनीच्या माहितीपत्रकात बघायचं. तिथे २.० लिहिलेलं सापडलं, तर मात्र दोष जुन्या केबलचा किंवा मॉनिटरच्या मेनूतल्या एखाद्या सेटिंगचा असू शकतो. मग ‘प्रीमियम हाय स्पीड’ अशी पट्टी असलेली दीड-दोन मीटरची केबल घ्या; ती सेकंदाला १८ गिगाबिट या वेगाला तपासलेली असते. खोक्यावर नुसतं ‘फोर-के’ छापलेलं असेल तर त्यावर जाऊ नका, ३० हर्ट्झवालीही फोर-केच म्हणवते.

पोर्ट १.४ निघालं तरी एक वाट आहे. लॅपटॉपला टाइप-सी असेल तर त्याच्या शेजारी डी-पी जोडून काढलेली खूण किंवा विजेची बारीक खूण दिसते का पाहा. तशी असेल तर टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखंच चित्र नेणारं दुसरं पोर्ट, डी-पी म्हणजे तेच) अशी सरळ केबल घ्या, बहुधा ६० हर्ट्झ मिळतील. खूण नसली म्हणजे सोय नाहीच असं नाही. इथेही माहितीपत्रकच खरं. मोबाइलच्या चार्जरची केबल लावून बघू नका, तिच्यात चित्र नेणाऱ्या तारा बहुतेक वेळा नसतातच. आणि एचडीएमआय, पेनड्राइव्ह, कार्ड सगळं एकत्र देणारे स्वस्त हब टाळा. त्यांतले बरेचसे फोर-केला पुन्हा ३० वरच आणून ठेवतात, म्हणजे पैसे घालून होता तिथेच मुक्काम.

यातलं काहीच नसेल तर रिझोल्यूशन २५६० गुणिले १४४० करून ६० हर्ट्झवर चालवा. रेषा किंचित पुसट होतील. दिवसभर माऊस ओढणाऱ्याने तेच पत्करावं, असं माझं मत; रेषेचं माप प्रोग्रॅम सांगतो, मनगटाचं दुखणं कोणी सांगत नाही.

प्रश्न : ऑफिसातून निघालेला मॉनिटर स्वस्तात मिळाला. त्याला डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए आहे, माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. दोन्हीकडे बसणारी केबल आणली, तरी पडदा काळाच!
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ती केबल एकेरी आहे. डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआयच्या मॉनिटरला जाते, उलटी चालत नाही. तुम्हाला ‘एचडीएमआय ते डिस्प्लेपोर्ट’ असं स्पष्ट लिहिलेला कन्व्हर्टर लागेल. त्याला बहुधा वीज घ्यायला यूएसबीची शेपटी असते, तीही लॅपटॉपला खोचायची. व्हीजीएचा कन्व्हर्टर त्याहून स्वस्त पडेल, पण व्हीजीए हे १९८७ चं अ‍ॅनालॉग प्रकरण. त्यावर बारीक अक्षरं थोडी पसरतात. हिशेबाच्या तक्त्यांसाठी मी तरी ते घेणार नाही.

प्रश्न : सातपूरला आमचा क्लास आहे. प्रोजेक्टरपर्यंत १५ मीटर एचडीएमआय केबल ओढली, मधूनच चित्र जातं आणि पांढरे ठिपके चमकतात.
– एक वाचक, सातपूर

उत्तर : लांबीचा त्रास आहे. तांब्याच्या साध्या केबलमध्ये एवढ्या अंतरावर सिग्नल क्षीण होतो. आधी लॅपटॉपवरून १०८०, म्हणजे फुल एचडी, आणि ६० हर्ट्झच पाठवून बघा, तेवढ्यावर भागलं तर खर्च नको. नाहीतर ऑप्टिकल, म्हणजे तांब्याऐवजी प्रकाशातून सिग्नल नेणारी, एचडीएमआय केबल घ्या. ती एकेरीच चालते; तिच्या एका टोकावर ‘सोर्स’ लिहिलेलं असतं, ते लॅपटॉपला, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’, ते प्रोजेक्टरला. छताच्या पट्टीत ती बसवण्याआधी जमिनीवरच जोडून चित्र येतंय का ते बघून घ्या. इलेक्ट्रिशियन उलटी टाकून गेला, तर सगळी पट्टी पुन्हा उचकटावी लागेल.