'कंप्लीट स्ट्रीट'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे : 'कंप्लीट स्ट्रीट'साठी 'संपूर्ण रस्ता' हा शब्द चालेल का? आणि 'पादचारी' बरोबर की 'पदचारी'?

'संपूर्ण रस्ता' चालणार नाही. 'रस्ता पूर्ण झाला' म्हटले की आपल्याला काम संपले एवढेच कळते, आणि 'संपूर्ण रस्ता खोदून ठेवलाय' यात तो नुसता अख्खा असतो. 'कंप्लीट स्ट्रीट' ही संज्ञा अमेरिकेत २००३ च्या सुमारास पुढे आली. चालणारे, सायकलवाले, बसची वाट पाहणारे, चाकांच्या खुर्चीतले आणि मोटारीतलेही, अशा सगळ्यांचा विचार करून आखलेला रस्ता असा तिचा अर्थ आहे. 'सर्वसमावेशक रस्ता' अर्थाला धरून आहे, पण तो परिपत्रकाबाहेर कोणी बोलणार नाही. मी सरळ 'सर्वांचा रस्ता' म्हणेन.

असे रस्ते घडवण्याच्या कामाला मात्र कृपा करून 'सुशोभीकरण' म्हणू नका. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याच्या कामाबद्दल हा शब्द सर्रास ऐकू येतो आणि त्याने सगळा मुद्दाच हरवतो. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये रस्त्यांच्या आखणीची मार्गदर्शक तत्त्वे केली. त्या विचाराने या रस्त्यावर वाहने धावण्याची रुंदी सगळीकडे सारखी ठेवली गेली. आधी रस्ता मध्येच रुंद, मध्येच अरुंद होता. अशा ठिकाणी जादा रुंदीचा वाहनांच्या वेगाला काही उपयोग होत नाही, तिथे गाड्या वेड्यावाकड्या उभ्या राहतात. ती जागा पदपथाला, बसायला, मुलांच्या खेळण्यांना मिळाली. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनुसार पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतील अशी ही रुंदी. याला शोभा कसे म्हणायचे? हे जागेचे फेरवाटप आहे, म्हणून 'रस्त्याची फेरआखणी' हाच शब्द मला योग्य वाटतो.

याच चर्चेत 'वाहतूक' आणि 'रहदारी' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, तेही जपून वापरावेत. 'वाहतूक' म्हणजे वाहून नेणे. 'मालवाहतूक'मध्ये तो अर्थ स्वच्छ दिसतो. स्वतःच्या पायांनी जाणारा माणूस त्यात बसत नाही. 'रहदारी' फारसीतून आला. 'राह' म्हणजे वाट. मोगल काळात 'राहदारी' हा वाटेवर घेतला जाणारा कर होता, पण मराठीत त्याचा अर्थ येणेजाणे, वर्दळ असा स्थिरावला. बाजारातली गर्दी, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, शाळेत निघालेली मुले, सगळी रहदारीच. पुण्यात दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवतात. त्या दिवशी 'रस्ता बंद' अशी बातमी देणे मला खटकते. वाहतूक बंद असते. रहदारी तर उलट वाढते. अहवाल लिहिणाऱ्यांनी 'वाहतुकीची मोजणी' केली की नुसती वाहने मोजली जातात, हे ध्यानात ठेवावे. माणसेही मोजायची असतील तर 'रहदारीची मोजणी' म्हणा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : 'पादचारी' लिहा. संस्कृतातला शब्दही 'पादचारिन्' असाच आहे. 'पदपथ'मध्ये मात्र 'पद' आहे, त्यामुळे 'पादचारी' आणि 'पदपथ' एकाच वाक्यात आले तरी बिचकायचे कारण नाही.