एकांकिकेतील चाकूची जखम: कडा, घाम आणि रक्ताचा रंग

आपल्या एकांकिकेत नायकाच्या हातावर मेणाने केलेली चाकूची जखम दिव्यांखाली सुटते, तिची कड प्रेक्षकांना दिसते आणि रक्त गुलाबी भासते, असे आपण लिहिले आहे. पहिल्या दोन अडचणींचे मूळ मेणातच आहे. अंगाच्या उष्णतेने ते मऊ पडते आणि मनगटासारख्या सतत हलणाऱ्या जागी उकलते. छायाचित्रापुरते ते ठीक. धावपळीच्या प्रयोगात त्याचा भरवसा धरू नये.

त्याऐवजी द्रव लेटेक्स (वाळल्यावर लवचीक पापुद्रा होणारे पातळ रबर) आणि टिश्यूपेपर घ्यावा. त्या जागेचे केस आधी काढावेत, अन्यथा ते लेटेक्सबरोबर उपटले जातात. त्वचेवर लेटेक्सचा पातळ थर देऊन त्यावर हाताने फाडलेला टिश्यू बसवावा. कात्रीने कापलेल्या कागदाची सरळ रेघ कितीही रंगवली तरी लपत नाही, तर फाटलेल्या कागदाचे तंतू त्वचेत मिसळून जातात. पुढचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा आत ठेवावा, म्हणजे मधला भाग जाड आणि कड विरळ राहते. पांढरे लेटेक्स वाळून पारदर्शक झाले की मधला भाग चिमट्याने उचलून फाडावा. तेथे ब्लेड कधीही लावू नये. मग पावडर मारावी, नाहीतर लेटेक्स स्वतःलाच चिकटते.

रंग देताना जखम कशाने आणि केव्हा झाली, हे आधी ठरवावे. ताज्या वाराच्या तळाशी काळपट तांबडा, जखमेच्या कडांशी उजळ लाल आणि भोवती सुजेचा फिकट गुलाबी रंग येतो. हिरवट-पिवळी छटा काही दिवसांपूर्वीच्या मुक्या माराची असते, ती येथे नको. (ही चूक स्पर्धांमध्ये फार दिसते.) त्वचेचा रंग लेटेक्सच्या कडेपलीकडेही पसरवावा.

रक्तासाठी बेकरीच्या साहित्याच्या दुकानात मिळणारे लिक्विड ग्लुकोज, खाण्याचा लाल रंग, निळ्याचा एखादा थेंब आणि चिमूटभर कोको पुरेसे आहे. गुलाबीपणा निळ्या-कोकोने जातो. तरीही रंगीत तालमीत प्रत्यक्ष प्रकाशयोजनेखाली ते पाहावेच, कारण लाल प्रकाशात लाल रक्त जवळजवळ नाहीसे होते आणि निळ्या प्रकाशात ते काळे दिसते. खाण्याचा रंग कपड्यांवर डाग ठेवतो, हे वेशभूषा सांभाळणाऱ्यांना आधीच सांगावे.

लेटेक्सची अ‍ॅलर्जी काहींना तीव्र असते. त्यामुळे आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाहावा, आणि पूर्वी रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी त्रास झालेला असेल तर चाचणीच्याही फंदात न पडता ते टाळावे. त्यात अमोनिया असल्याने डोळ्यांजवळ ते लावू नये. लेटेक्स न चालणाऱ्या नटासाठी वेगळा तुकडा बनवून चिकटवता येणारे प्लॅटिनम सिलिकॉन (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा रबरासारखा पदार्थ) चांगले. मात्र ते मिसळताना लेटेक्सचे हातमोजे घातल्यास त्याच्या संपर्काने सिलिकॉन घट्टच होत नाही, म्हणून नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजे घालावेत. जिलेटिन स्वस्त असले तरी दिव्यांखाली घामाने ते वितळते.

प्रयोगानंतर लेटेक्स ओढून काढू नये. कडेखाली खोबरेल तेल सोडावे आणि ते सैल झाल्यावर हळूहळू सोलावे.